घाटातले रूळ ही पायवाट नव्हे: पावसाळ्यात कॅसलरॉकला येणाऱ्यांना खुलं पत्र

बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड, कोल्हापूर आणि जिथून कुठून पाठीला पिशव्या लावून पावसाळ्यात कॅसलरॉकला येता त्या सगळ्या पोरापोरींना, आणि पैसे घेऊन त्यांना इथं आणणाऱ्या ग्रुपवाल्यांना,

स.न.वि.वि.

पत्रास कारण की, मृग जवळ आला. एकदा पाऊस लागला की रविवारी लोंढ्याच्या फलाटावर तुमची गर्दी सुरू होते. रंगीबेरंगी रेनकोट, गळ्यात प्लास्टिकच्या पिशवीत मोबाईल, एकाच्या हातात स्पीकर. त्याआधीच हे लिहून टाकते, कारण पाऊस सुरू झाल्यावर तुम्ही ऐकण्याच्या मनःस्थितीत नसता आणि मी सांगण्याच्या.

माझी ओळख म्हणाल तर, कर्नाटकातल्या कॅसलरॉकहून खाली गोव्यात उतरणाऱ्या या रेल्वेच्या घाटात माझे वडील कीमन होते, म्हणजे रुळांचा सांधा न् सांधा तपासत चालणारे. मी लोंढ्यात वाढले, खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळांत नोकरी केली, आता निवृत्त होऊन परत लोंढ्यातच आहे. पुतण्या घाटात ट्रॅकमन आहे, रुळांची देखभाल करणारा. म्हणजे घरातून डबा घाटात जायचा तो अजून जातोच आहे. तुमच्यातल्या काहींना मी पाढे शिकवलेले असतील, तेव्हा आवाज थोडा चढला तर चालवून घ्या.

सांगायचं एवढंच आहे की कॅसलरॉकहून दूधसागरच्या धबधब्याला रुळांवरून चालत जाणं बंद करा.

तुम्ही म्हणाल, हे तर रेल्वेही सांगते. सांगते खरी. जुलै २०२३ मध्ये दूधसागरला उतरून रुळांवरून निघालेल्या जथ्याला रेल्वे पोलिसांनी तिथंच उठाबशा काढायला लावल्या. तो व्हिडिओ सगळ्यांनी बघितला, हसले, पुढं पाठवला. नैऋत्य रेल्वेनं धबधबा डब्यातूनच बघा म्हणून विनंती केली, गोवा सरकारनं धबधब्यांवर बंदी घातली, आणि पुढच्या पावसात पुन्हा तुम्ही हजर. मला त्या उठाबशा पटल्या नव्हत्या. उठाबशांनी अक्कल येत असती तर आमच्या वर्गातले शेवटच्या बाकावरचे सगळे एव्हाना कलेक्टर झाले असते. कायदाही सांगून बघितला लोकांनी. रेल्वे कायदा १९८९, कलम १४७, विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत शिरलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हजार रुपये ऐकून तुमच्यातलाच एकजण माझ्यासमोर म्हणाला होता, "बाई, ट्रेकची फीच तेवढी आहे की."

म्हणून कायदा बाजूला ठेवते आणि घाट चालतो कसा ते सांगते. ते कळलं तर निम्मे तरी परत फिराल असं मला वाटतं.

कॅसलरॉक ते घाटाखालचं गोव्यातलं कुळे हे अंतर सुमारे २६ किलोमीटर. मध्ये करंझोळ, दूधसागर, सोनावळी ही स्टेशनं, एकामागून एक बोगदे, आणि चढ १:३७. म्हणजे ३७ मीटर पुढं सरकलं की १ मीटर वर. मोटारीला एवढा चढ जाणवणारही नाही. पण इथं चाक लोखंडाचं, रूळ लोखंडाचा, आणि वर चार महिने पाण्याची धार. मुरगाव बंदरातून कोळसा घेऊन येणारी मालगाडी या चढावर नुसत्या पुढच्या इंजिनांनी वर येत नाही, मागून ढकलायला बँकर, म्हणजे जादा इंजिनं, लागतात. वडील सांगायचे की बँकरचा आवाज पुढच्या इंजिनाच्या आवाजाशी जुळला नाही की घाटातल्या माणसाला झोपेतही कळतं.

चढण्यापेक्षा उतरणं अवघड. कॅसलरॉकला गाडी थांबते ती तुमच्या चहासाठी नव्हे. तुम्ही फलाटावर रील काढत असता तेवढ्या वेळात मागं इंजिनं जोडली जातात, ब्रेकची हवा शेवटच्या डब्यापर्यंत नीट पोचते का ते बघतात, पुढचा ड्रायव्हर आणि मागचा गार्ड यांचं बोलणं होतं. सगळं ठीक असेल तरच सिग्नल. पुढं उतारावर गाडी जोरात जात नाही हे खरं, आणि तुमचा घोळ नेमका तिथंच होतो. "बाई, गाडी हळूच येते की, बाजूला होऊ." अरे, हळू येते म्हणजे थांबू शकते असं कुणी सांगितलं? हजारो टनांचं ओझं उतारावर धरून ठेवलेलं असतं. धरून ठेवणं वेगळं आणि जागेवर उभं करणं वेगळं.

घाटातल्या रेल्वेत कॅच सायडिंग म्हणून एक प्रकार असतो. मुख्य मार्गातून एक रूळ फुटतो, उलटा डोंगराच्या अंगावर चढत जातो आणि तिथंच संपतो. ब्रेक न लागलेली गाडी त्यात शिरावी आणि चढावर तिचा जोर मोडावा, एवढ्याचसाठी तो असतो. म्हणजे घाट चालवणाऱ्यांनी एखादी गाडी थांबणारच नाही हे धरून सगळी मांडणी केलेली आहे. आणि तुम्ही धरून चालता की ड्रायव्हर तुम्हाला बघेल आणि थांबेल.

बघेल तरी कसा? बोगद्यातून बाहेर पडलं की लगेच वळण, वळण संपतं तोवर पुढचा बोगदा. पावसात दरीतून ढग वर आला की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही. धबधब्याच्या आवाजात तुम्हाला शिट्टी ऐकू येत नाही, आणि कानात ती बोंडं घातली असतील तर बोलायलाच नको. बोगद्याच्या भिंतीत मधूनमधून कोनाडे आहेत, गाडी आली की कामगारानं आत शिरून भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. एका कोनाड्यात दोघं-तिघं मावतात, हत्यारं पायाशी घेऊन. तुमचा चाळीसजणांचा ग्रुप कुठं मावणार ते तुमच्या लीडरला विचारा. वडील पहिल्यांदा कामाला लागले तेव्हा मुकादमानं त्यांना कोनाडे मोजायला लावले होते म्हणे, डोळे मिटून, भिंतीला हात लावत, कारण दिवा विझला तर हातालाच सगळं आठवावं लागतं. तुम्ही मोबाईलच्या बॅटरीवर जाता.

दुसरी गोष्ट, हा मार्ग एकेरी आहे. दुपदरी करायचं घाटत होतं, पण अभयारण्यातून जाणाऱ्या कॅसलरॉक-कुळे टप्प्याला वन्यजीव मंडळानं दिलेली मंजुरी सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये रद्द केली. मला त्याचं दुःख नाही, जंगल वाचलं. पण त्याचा अर्थ असा की वर जाणारी आणि खाली येणारी गाडी आळीपाळीनं त्याच एका रुळावरून जाते. दूधसागरच्या पुलावर तुम्ही कठड्याला रेलून फोटो काढत बसलात म्हणून एक गाडी अडली, तर तिच्यासाठी करंझोळला दुसरी अडते, कॅसलरॉकला तिसरी, आणि त्याचा धक्का लोंढ्यापर्यंत येतो. आमच्या गल्लीतली एक म्हातारी बेळगावला डोळे दाखवायला जायची असते, ती फलाटावर बसून राहते. तिला कारण सांगतात, "घाटात गाडी थांबलीय." का थांबली ते कुणी सांगत नाही. मी तुम्हाला सांगते.

शिमला, उटी, दार्जिलिंगची उदाहरणं मला देऊ नका. तिथं लोक रुळांवर उभं राहून फोटो काढतात, मग इथं काय, असं एकानं विचारलं होतं. पहिली गोष्ट, तिथंही ते शहाणपणाचं नाही. दुसरं, त्या गाड्या आज बहुतेक प्रवाशांच्या हौसेसाठी चालतात. दार्जिलिंगला १९९९ मध्ये, निलगिरीला २००५ मध्ये आणि कालका-शिमल्याला २००८ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशाचा मान दिला, तो त्यांना शोभतो. आपलं माथेरान घ्या, दोन फुटी रुळांवरची छोटीशी गाडी, गावात मोटार नाही, पर्यटकाच्याच तालावर सगळं. आमचा घाट त्यांच्याइतकाच जुना, खरं तर शिमला आणि माथेरानपेक्षा जुना, आणि देखणेपणात कुठं कमी नाही. पण तो निवृत्त झालेला नाही. दिल्लीहून येणारी गोवा एक्सप्रेस याच घाटातून उतरते, कोळसा याच घाटातून चढतो. चालत्या गिरणीत शिरून पट्ट्यावर बसून कुणी फोटो काढतं का? तुम्ही तेच करता.

पाऊस तर या घाटाचा जुना सोबती आणि जुना वैरी. २३ जुलै २०२१ आठवतोय? चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी चढलं, कोकण रेल्वे बंद, म्हणून मंगळूरहून मुंबईला निघालेली गाडी मडगाव-कुळे-लोंढा-मिरज अशी इकडून वळवली. दूधसागर आणि सोनावळीच्या मध्ये दरड आली आणि इंजिन आणि त्याच्या मागचा डबा रुळावरून उतरले. प्रवासी बचावले, त्यांना बाकीच्या डब्यांतून परत कुळ्याला नेलं. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच सोनावळी-दूधसागर पट्ट्यात कोळशाची मालगाडी घसरली, १७ वाघिणी, म्हणजे मालडबे, रुळांवरून उतरल्या. तुमच्यातले काहीजण त्याच महिन्यात त्याच रुळावर केक कापत होते, वाढदिवसाचा. मला तो फोटो एका जुन्या विद्यार्थ्यानंच कौतुकानं पाठवला होता. मी उत्तर दिलं नाही.

आता ज्या माणसांच्या कामाच्या जागेत तुम्ही शिरता त्यांच्याबद्दल. दिवसा कीमन आपल्या टप्प्यातला प्रत्येक सांधा, प्रत्येक क्लिप बघत चालतो, हातात हातोडा आणि पाना. रात्री पावसाळी पेट्रोलिंग. एका टोकाकडून एक पेट्रोलमन निघतो, पलीकडच्या टप्प्यातला त्याला ठरल्या जागी भेटतो, दोघं एकमेकांच्या वह्या बदलतात आणि मागं फिरतात. वडिलांच्या मेणकापडाच्या पिशवीत काय असायचं ते मला अजून पाठ आहे: तिरंगी काचेचा हातदिवा, शिट्टी, लाल झेंडी, आणि डबीत फटाके. दिवाळीचे नव्हेत. रुळाला पट्टीनं बांधायचे, चाकाखाली आले की धाड्‌कन वाजतात आणि ड्रायव्हर ब्रेक मारतो. दरड दिसली तर पेट्रोलमननं गाडी येण्याच्या दिशेनं पळत सुटायचं, ६०० मीटरवर एक फटाका आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतरानं तीन. वडिलांच्या वेळी मीटरगेज होतं तेव्हा अंतरं कमी होती. १९९० च्या दशकात रूळ रुंद झाले तशी पळापळही वाढली. आता पुतण्याच्या कमरेला जीपीएसचं यंत्र असतं, तो कुठं पोचला ते साहेबाला हुबळीत बसून दिसतं. पाऊस मात्र त्याच्याच अंगावर पडतो.

या माणसाच्या वाटेत तुम्ही काय टाकून जाता माहीत आहे? बाटल्या. पाण्याच्याही आणि दुसऱ्याही. बोगद्यात फोडलेली बाटली मध्यरात्री दिव्याच्या उजेडात खडीत दिसत नाही. पुतण्याच्या गमबुटाचा तळ एका पावसाळ्यात आरपार कापला गेला होता, नशीब की मोजा जाड होता. तो काही बोलला नाही. त्या मुलांचा स्वभावच नाही बोलायचा, म्हणून मी लिहिते.

आणखी एक सांगते. करंझोळच्या पुढं बेळगावच्या एका कॉलेजातल्या मुलाचा पाय ओल्या खडीवर सटकला आणि घोट्यातून मोडला. पुतण्याची गँग, म्हणजे रुळांवरच्या कामगारांची टोळी, तिथं कामावर होती. दोन बांबूंना चादर बांधून झोळी केली, चौघांनी उचलली, थांबवलेल्या मालगाडीच्या इंजिनात चढवून त्याला कॅसलरॉकला आणलं. वाटेत पुतण्यानं विचारलं, "बाकीची कुठं गेलीत रे तुझी?" तो म्हणाला, "पुढं गेलीत. धबधबा बघून येऊलालोय म्हणालीत." चार परके लोक त्याला खांद्यावरून आणत होते आणि त्याचे दोस्त धबधब्यापुढं उभे राहून फोटो काढत होते. त्या चौघांचं त्या दिवसाचं काम राहिलं ते त्यांनी दुसऱ्या दिवशी जादा थांबून पुरं केलं. त्याचे पैसे कुणी देत नाही.

मग काय, बघायचंच नाही का? बघा की. कोण नको म्हणतं? कॅसलरॉक बघण्यासारखंच आहे, फक्त तुम्ही ते बघतच नाही. गाडीतून उतरता आणि खाली मान घालून रुळांवरून सुमारे १४ किलोमीटर दूधसागरकडे चालू लागता. ज्या गावात उतरलात ते काय आहे हे विचारायला कुणी थांबत नाही.

हे स्टेशन एके काळी दोन साम्राज्यांची हद्द होती. इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात २६ डिसेंबर १८७८ रोजी तह झाला आणि त्यातून मुरगावपासून कॅसलरॉकपर्यंतच्या सुमारे ८२ किलोमीटर रेल्वेची कल्पना ठरली. पैसा विलायतेतला, व्याजाची हमी पोर्तुगीज सरकारची, आणि डोंगर फोडणारे हात कुणाचे ते सांगायला नको. १८८८ मध्ये घाटातून गाडी सुरू झाली. कॅसलरॉकच्या अलीकडे सदर्न मराठा रेल्वे, पलीकडे पोर्तुगीजांची. मधला हा डोंगर म्हणजे ब्रागांझा घाट, पोर्तुगालच्या राजघराण्याचं नाव. आमच्या बाजूला कुणी ते नाव घेत नाही, आम्ही नुसतं "घाट" म्हणतो. गोव्यात जाणाऱ्याचं सामान इकडं कॅसलरॉकला उघडायचं आणि तिकडं कुळ्याला पुन्हा उघडायचं. लोंढ्यातल्या म्हाताऱ्या बायका सांगायच्या की लग्नाच्या शालूची घडीसुद्धा कस्टमवाला मोडून बघे.

१९५५ साली गोवा मुक्तीचे सत्याग्रही इथूनच, याच रुळांवरून, बोगद्यातून पलीकडे गेले. पलीकडून गोळ्या आल्या. त्याच वर्षी भारत सरकारनं गोव्याची नाकेबंदी केली, गाडी बंद पडली, आणि डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मोकळा झाल्यावरच घाट पुन्हा जोडला गेला. रुळांवरून चालत जाण्याचं खरं कारण ज्यांच्याकडे होतं अशी माणसं तेवढीच. तुमच्याकडे काय आहे? स्टोरी टाकायची आहे.

तर स्टेशनावर थांबा. मालगाडीला मागून बँकर जोडतात ते फलाटाच्या टोकाला उभं राहून बघा. इंजिन हळूच येऊन टेकतं, कपलिंग बसताना सगळ्या वाघिणींतून एक आवाज पुढं धावत जातो, ब्रेकची हवा सुटते, खाली उभा असलेला माणूस हात वर करतो. इतका सुंदर खेळ फुकट चाललेला असतो आणि बघायला मी आणि स्टेशनातली दोन कुत्री. गावात फिरा. मराठी, कोकणी, कानडी, तिन्ही भाषा एकाच दुकानात ऐकू येतात. ढग उघडला तर धनेश दिसतो, उडताना पंखांचा आवाज आधी येतो आणि पक्षी मागून. जवळ कुवेशीला वन खात्यानं झाडांच्या शेंड्यांमधून चालायचा झुलता पूल केला आहे. सुरू आहे का, पावसात सोडतात का ते आधी चौकशी करून निघा. हे काळी व्याघ्र प्रकल्पाचं रान आहे, वाटेल तिथून आत शिरायची सोय नाही आणि नसावी.

आणि दूधसागर? तो गाडीतूनच बघायचा. ३१० मीटरवरून येणारं पाणी डोळ्यांसमोर कोसळतं, पुलावर गाडी मंद होते, तुषार खिडकीतून आत येतात, डब्यात सगळे एकदम उभे राहतात, अनोळखी माणूस तुमच्या लेकराला उचलून खिडकीपाशी धरतो. याहून जास्त काय हवं? दिवसाउजेडी घाट ओलांडणारी गाडी बघून तिकीट काढा, कुळ्यापर्यंत किंवा मडगावपर्यंत. दारात लोंबकळू नका, बोगद्याची भिंत वाटते त्याहून जवळ असते. पायथ्याशी जायचंच असेल तर पाऊस संपल्यावर कुळ्याहून जीप सुटतात, गोव्याच्या वन खात्याच्या परवानगीनं. तेव्हा पाणी थोडं कमी असतं, पण तुम्ही सगळे शाबूत असता.

आता ग्रुपवाल्यांशी दोन शब्द. तुम्ही जाहिरातीत "रेल्वे ट्रॅक ट्रेक" असं लिहिता. उघडपणे लिहिता! ज्या गोष्टीला कैद आहे ती तुम्ही नाश्त्यासकट विकता. पोरांच्या आईवडिलांना तुम्ही हे सांगितलेलं असतं का? पोलीस दिसले की लीडर सगळ्यात आधी झाडीत पळतो, हे मी उडत उडत ऐकलेलं नाही, लोंढ्याच्या फलाटावर त्याच संध्याकाळी पोरांनी मला सांगितलेलं आहे, चिखलानं माखलेली, रडवेली पोरं. तुम्हाला धंदा करायचा तर करा, गाडीची तिकिटं काढून द्या, स्टेशनचा आणि सत्याग्रहाचा इतिहास सांगणारा माणूस सोबत आणा, गावातल्या बायकांकडून जेवण घ्या. घावन आणि सुक्या बांगड्याचं कालवण खाऊन कुणाचा घोटा मोडत नाही.

रेल्वेच्या साहेबांनाही यात एक वाक्य लिहिते, वाचलं तर बरं. नुसतं "नको, नको" म्हणून भागत नाही. पावसाळ्याच्या रविवारी बेळगावहून निघून उजेडात घाट उतरणारी आणि उजेडातच परत येणारी एक साधी, बिनआरक्षणाची गाडी द्या. दूधसागरला दार उघडू नका, पण खिडकी तरी परवडेल अशी ठेवा. माणसाला रीतसर बघायला मिळालं तर तो चोरून कमी बघतो, हे शाळेत शिकवून मला कळलं आहे. आणि पोलीस लावायचे तर कॅसलरॉकच्या फलाटाच्या टोकाला सकाळी लावा. दूधसागरला पकडून काय उपयोग, तोवर पोरं दहा बोगदे ओलांडून आलेली असतात.

एवढं सगळं वाचूनही ज्यांना रुळांवरून जायचंच आहे त्यांना मी थांबवू शकत नाही. पण मग निदान त्या ट्रॅकमनला "काका, गाडी कधी आहे?" असं विचारून त्याच्या गळ्यात तुमची जबाबदारी घालू नका. त्यानं सांगितलं आणि वेळ चुकली, तर चौकशी त्याची होते. मालगाड्यांचं वेळापत्रक फलाटावर लागत नाही, त्यालाही ते आधी कळत नाही.

यंदा येणार असाल तर लोंढ्याला मधला वेळ असतो. स्टेशनबाहेर चहा घ्या, कुणीही कीमनबाईंचं घर दाखवेल. मी शिक्षिका होते हे गावाला आठवत नाही, वडिलांचं काम आठवतं.

कळावे,
लोंढ्याच्या बाई

ता.क. जळवा लागतील, गावातच लागतील, त्यासाठी जंगलात जावं लागत नाही. ओढून काढू नका, चिमूटभर मीठ सोबत ठेवा. आणि रेनकोटच्या खिशात एक रिकामी पिशवी, बाटल्या परत न्यायला.